स्वस्तातली भुतं आणि उडते शार्क

'शार्कनेडो' या अमेरिकन सिनेमात समुद्रावरचं वादळ शार्क माशांचे थवेच्या थवे उचलतं आणि लॉस एंजेलिस शहरावर ओततं. शेवटाकडे नायक हातात चेनसॉ घेऊन, आभाळातून खाली येणाऱ्या एका शार्कच्या उघड्या जबड्यात स्वतःहून उडी मारतो. मासा जमिनीवर आपटतो, सगळे हळहळतात. मग माशाचं पोट आतून टराटरा कापलं जातं आणि रक्ताने माखलेला नायक बाहेर येतो. एवढ्यावर भागत नाही. तो पुन्हा आत हात घालतो आणि मघाशी हेलिकॉप्टरमधून पडलेल्या मैत्रिणीलाही ओढून काढतो. इतक्या मोठ्या शहरावर पडलेल्या माशांमधून नेमका तिचाच मासा त्याला सापडलेला असतो.

११ जुलै २०१३ रोजी सायफाय या वाहिनीवर हा सिनेमा लागला. पहिल्या रात्री प्रेक्षक होते जेमतेम १४ लाख. पण ट्विटरवर त्या रात्री असा काही गलका झाला की वाहिनीने तो पुन्हा दाखवला. दुसऱ्या वेळी प्रेक्षक वाढले, तिसऱ्या वेळी २१ लाखांपर्यंत गेले. पुनःप्रक्षेपणाला प्रेक्षक घटतात असा टीव्हीचा साधा नियम. इथे गंगा उलटी वाहिली. गोष्ट काय आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं आणि ती किती टुकार आहे हेही. लोक तेच बघायला आले होते. २०१८ पर्यंत याचे एकूण सहा भाग निघाले.

आता हे बघणारे काय बिनडोक होते? तसं म्हणता येत नाही. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या कीवान सारखोश आणि विन्फ्रीड मेनिंगहाउस या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा 'भंगार' सिनेमांच्या चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निघालं ते असं, की या मंडळींचं शिक्षण सरासरीपेक्षा जास्त होतं आणि त्यांना कलात्मक सिनेमाही तितकाच आवडत होता. म्हणजे चांगलं काय हे ठाऊक असलेली माणसं जाणूनबुजून हे बघत होती. का, ते जरा उलगडून बघू.

दचका फुकट मिळतो

सुरुवात शरीरापासून. भयपटातला सगळ्यात स्वस्त ऐवज म्हणजे दचका. रात्रीची वेळ, जुना वाडा, नायिका कपाट उघडते. आत काहीच नाही. ती सुस्कारा टाकून कपाट लावते आणि मागे कोणीतरी उभं. त्याच क्षणी पार्श्वसंगीतवाला जीव खाऊन काहीतरी बडवतो. आपण दचकतोच. या दचकण्याचा विचाराशी संबंध नसतो. अचानक मोठा आवाज झाला की कानाकडून निघालेला संदेश मेंदूच्या देठातूनच मान, खांदे आणि पापण्यांच्या स्नायूंकडे वळतो. पापणी तर सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास मिटायला लागते. भुताचा मुखवटा रबरी आहे, मागची पट्टी दिसतेय, वगैरे निरीक्षणं करणारा मेंदूचा भाग जागा होईपर्यंत दचकून झालेलं असतं. मेंदूच्या देठाला समीक्षा कळत नाही. म्हणून पाच लाखांचा सिनेमा आणि पाचशे कोटींचा सिनेमा दचकवण्याच्या बाबतीत एका रांगेत बसतात.

दचकल्यावर छाती धडधडते, तळहात ओलावतात. ही धडधड लगेच विरत नाही, काही मिनिटं रेंगाळते. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलं की एका प्रसंगातून उरलेली ही उत्तेजना पुढच्या भावनेत मिसळते आणि तिला चढवते. चांगल्या भयपटात ती पुढच्या भीतीला किंवा शेवटच्या सुटकेला मिळते. स्वस्त भयपटात मात्र दचक्यानंतर दोनच सेकंदांत भूत पूर्ण उजेडात येतं, आणि त्याचा चेहरा म्हणजे वितळलेली मेणबत्ती. धडधड तर अंगात आहे, भीती मात्र पळाली. मग ती सगळी वाफ हसण्यातून बाहेर पडते. त्यामुळे अशा सिनेमांना येणारं हसू विनोदी सिनेमाच्या हसण्यापेक्षा जास्त जोरकस, कधीकधी डोळ्यांत पाणी आणणारं असतं.

विनोदाबद्दलही एक सोपी उपपत्ती आहे, पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेली. काहीतरी चुकीचं, नियम मोडणारं घडतंय आणि त्याच वेळी त्याने कुणाचं काही बिघडत नाही, ही दोन्ही जाणिवा एकदम झाल्या की माणूस हसतो. भूत माणसाचा गळा धरतं आहे, हे चुकीचं. भुताच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा राहिलाय, म्हणजे काळजीचं कारण नाही. झालं काम.

पण इथे एक मेख आहे. नुसत्या वाईट सिनेमाने हे होत नाही. वाईट सिनेमे ढिगाने निघतात आणि त्यातले बहुतेक झोप आणतात. मजा येते ती, सिनेमा काहीतरी जबरदस्त करायला निघालेला असतो आणि खिसा आडवा येतो तेव्हा. हेतू आणि ऐपत यांच्यामधली ती दरी पडद्यावर दिसते, आणि आपण बसल्या जागी ती भरून काढत असतो. सिंधुदुर्गात दशावतार पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. काळ्या मुखवट्यातून लाल जीभ काढलेला संकासुर म्हणजे शेजारच्या गावचा कोण, हे सगळ्या जत्रेला माहीत. तरी तो मुलांच्या घोळक्यात घुसला की मुलं किंचाळत पळतात आणि मोठी माणसं पोट धरून हसतात. तिथे खोटेपणा लपवण्याचा प्रश्नच नसतो, कारण अर्धं काम प्रेक्षकाने करायचं हे ठरलेलंच आहे.

रामसेंचा कारखाना

आपल्याकडे या दरीत ज्यांनी कायमचं घर बांधलं ते रामसे. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात आडनाव बसेना म्हणून त्याचं रामसे झालं, असं घरचेच सांगत. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. सात मुलगे होते. १९७० मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा सिनेमा आपटला, पण त्यातला एक प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात, गोळ्या झाडल्या तरी त्यांना काही होत नाही. तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून पाहिलं की लोक तेवढ्या प्रसंगापुरते जागे होतात. मग नुसता तेवढाच मसाला असलेला सिनेमा का काढू नये?

त्यातून आला १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे'. बस भरून माणसं महाबळेश्वरला गेली आणि सरकारी विश्रामगृहात उतरली. सेट नाही, जे दिसेल ते घर, जी मिळेल ती स्मशानभूमी. बायका स्वयंपाक करत होत्या आणि मुलगे सिनेमा. एकाकडे कॅमेरा, एकाकडे ध्वनिमुद्रण, एकाकडे संकलन, एकाकडे लेखन, दोघांकडे दिग्दर्शन. सुमारे ४० दिवसांत आणि साडेतीन लाखांत सिनेमा उभा राहिला, आणि तो चालला. घरातल्याच माणसांना रोजचा पगार लागत नाही, हे या हिशेबातलं सगळ्यात मोठं कलम. भुताला मानधन थोडं लागतं, हे दुसरं.

हे दुसरं कलम जगभरच्या भयपटांचं आहे. प्रेमकथेला चेहरा लागतो, त्या चेहऱ्याला पैसे लागतात. भयपटात लोक भुतासाठी येतात आणि भूत नवखं असलं तर उलट बरं. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी हा राक्षस झालेले अनिरुद्ध अगरवाल पेशाने सिव्हिल इंजिनिअर. सहा फुटांच्या वर उंची, रुंद जबडा. समोर नुसते उभे राहिले तरी पडदा भरायचा. त्या वर्षीच्या कमाईच्या यादीत हा सिनेमा वरच्या फळीत होता, हे मोठ्या बॅनरवाल्यांना बरंच झोंबलं असणार.

'पुराना मंदिर' बारकाईने बघण्यासारखा आहे. सुरुवातीला २०० वर्षांपूर्वीचा काळ. सामरीचं मुंडकं उडवून पेटीत बंद केलं जातं, धड जुन्या मंदिरामागे पुरलं जातं आणि मरता मरता तो राजाच्या वंशाला शाप देतो, की घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. एवढ्या दहा मिनिटांत गोष्टीला लागणारं सगळं इंधन भरून होतं. पुढे मुंडकं आणि धड एकत्र कधी येणार, याचीच वाट बघायची. रात्रीचे प्रसंग लाल-निळ्या दिव्यांत चित्रित केलेले आहेत. हा निळा उजेड कुठून येतो असं कुणी विचारत नाही. धूर भरपूर सोडलेला, कारण धुरामागे काही उभारावं लागत नाही. आणि मध्येच, काहीही संबंध नसताना, जगदीप 'मच्छर सिंग' होऊन 'शोले'तल्या गब्बरची नक्कल करून जातो. समीक्षकांना हा खड्यासारखा लागायचा. पण रात्रीच्या खेळाला आलेल्या माणसाला अडीच तासांत भूत, गाणी, मारामारी आणि विनोद असं अख्खं ताट हवं असायचं, आणि रामसे ते देत. शहरातल्या मोठ्या थिएटरांवर त्यांची भिस्त नव्हतीच. तालुक्याच्या गावातल्या, पत्र्याच्या छपराच्या टॉकीजमधून त्यांचा गल्ला यायचा. खर्चच इतका कमी की थोडी तिकिटं खपली तरी वितरकाचे पैसे सुटत.

या सिनेमांत लाज वाटावी असंही बरंच आहे, तेही सांगायला हवं. न्हाणीघरातले लांबवलेले प्रसंग, आधी बाईला टक लावून बघायचं आणि मग तिलाच चेटकीण ठरवायचं ही सवय. 'त्या काळी चालायचं' म्हणून ते सोडून देता येत नाही. ते आलं की हसू थांबतं, निदान माझं तरी.

महापूर परवडत नाही

भुताचं स्वस्तात भागतं, आपत्तीचं भागत नाही. भूकंप, त्सुनामी, उल्का, ज्वालामुखी हे सगळं मुळात मोठं. त्यातही पाणी सगळ्यात महाग. संगणकावर पाणी दाखवायचं तर लाटेचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाला कसा ढकलतो, फेस कुठे फुटतो, थेंब कुठे उडतात, उजेड आरपार कसा जातो, हे सगळं गणिताने काढावं लागतं, आणि सेकंदाला २४ चित्रं. मोठ्या स्टुडिओत शेकडो संगणक यासाठी रात्रंदिवस राबतात. 'शार्कनेडो' काढणाऱ्या 'द असायलम'सारख्या कंपनीकडे तेवढा पैसाही नसतो आणि वेळही नसतो.

मग काय करतात? लाट एकदाच, दुरून दाखवतात. बाकी सिनेमाभर ती लाट बातम्यांत येते. वार्ताहर बाई भिंतीसमोर उभी राहून 'माझ्या मागे सगळं उद्ध्वस्त झालंय' असं सांगते आणि मागे भिंतच दिसते. नियंत्रण कक्ष म्हणजे कुठल्यातरी कार्यालयाची बैठकीची खोली, त्यात तीन लॅपटॉप, एकावर जगाचा नकाशा आणि मोठी होत जाणारी लाल वर्तुळं. भूकंप म्हणजे कॅमेरा हलवायचा आणि पुस्तकांचं एक कपाट पाडायचं. लोक घाबरून पडद्याबाहेर डावीकडे बघतात. जे बघतात ते आपल्याला दिसत नाही, कारण ते अस्तित्वातच नाही. पाऊस पाइपने पाडलेला असतो, त्यामुळे नायक चिंब भिजतो आणि पलीकडच्या फुटपाथवर लख्ख ऊन पडलेलं असतं. 'शार्कनेडो'त तर एकाच संभाषणात आभाळ दोन-तीनदा भरून येतं आणि मोकळं होतं.

आमच्या घरात असा सिनेमा लागला की पैज लागते, शास्त्रज्ञाचं कधी ऐकतील. कारण एक शास्त्रज्ञ असतोच, त्याने अहवाल दिलेलाच असतो आणि साहेबाने तो कचऱ्यात टाकलेलाच असतो. बहुधा हा शास्त्रज्ञ घटस्फोटित असतो आणि शहर बुडताना त्याचा संसार पुन्हा सांधला जातो.

हे साचे हास्यास्पद आहेत, पण त्यांचा आधारही वाटतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो ज्यांनी कमरेइतक्या पाण्यातून चालत काढला, त्यांना खरी आपत्ती कशी असते ते पक्कं माहीत आहे. तिला नायक नसतो, नेमका खलनायक सापडत नाही, आणि पाणी ओसरल्यावर गोष्ट संपत नाही. चिखल, भिजलेल्या गाद्या, पंचनामा, भरपाईचे अर्ज असं पुढे चालू राहतं. सिनेमातल्या आपत्तीचं दीड तासात निवारण होतं. सुझन सोंटॅग या लेखिकेने १९६५ मध्येच लिहिलं होतं की अशा सिनेमांचा खरा जीव विध्वंसाच्या सौंदर्यात असतो. शहरं कोसळताना बघण्यात माणसाला सुख आहे. स्वस्त सिनेमात हे सुख अधिक निर्धोक होतं, कारण कोसळणारी इमारत खेळण्यातली आहे हे दिसतं. खऱ्यासारखा कोसळणारा पूल बघताना मला पोटात कसंसंच होतं. पुठ्ठ्याचा पूल मी चिवडा खात बघू शकतो.

करोनाच्या साथीत कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला. भयपटांच्या चाहत्यांना त्या काळात मानसिक त्रास तुलनेने कमी जाणवला, आणि झोंबी किंवा जगबुडीचे सिनेमे बघणारे आपण जास्त तयारीत होतो असं सांगत होते. यावरून झोंबी बघा नि धीर मिळवा असा काढा कुणी देऊ नये. मुळात खंबीर माणसंच असे सिनेमे बघत असतील, ही शक्यता उरतेच. पण भीतीची हलकी तालीम करून बघण्याची हौस माणसाला आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग ओशाळायचं कशाला?

चार्ल्स अ‍ॅलन मॅकॉय आणि रॉस्को स्कारबरो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये 'वाईट' टीव्ही बघणाऱ्यांच्या मुलाखतींवरून लिहिलेल्या निबंधात प्रेक्षकांचे प्रकार सांगितले आहेत. काही जण टर उडवायला बघतात. आपण या दर्जाच्या वरचे आहोत हे त्यात गृहीत असतं. काही जणांना त्या भडकपणाचंच मनापासून कौतुक असतं. उरलेले बघतात आणि ओशाळतात. गंमत म्हणजे तिघांनाही 'वाईट सिनेमा बघायचा नसतो' हा नियम मान्य असतो. फक्त तो मोडल्याची सबब प्रत्येकाची वेगळी. आणि तो नियम बहुतेक वेळा घरातल्या कुणाच्या तरी आवाजात असतो: 'असलं काय बघत बसलायस, काही वाच जरा.'

स्वस्त आणि वाईट यांची गल्लत या नियमामुळे होते. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पिट्सबर्गजवळ सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. शीर्षक ऐन वेळी बदलताना प्रतींवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहिली आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सिनेमा अमेरिकेत सगळ्यांना फुकट झाला. कुणीही दाखवावा, कुणीही उचलावा. आजचा झोंबी जगभर पसरला त्यात या विसरभोळेपणाचाही वाटा आहे. तो सिनेमा आजही अस्वस्थ करतो. त्याला कुणी हसत नाही. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' तर दिग्दर्शकाने स्वतःच्याच घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केला. रात्री झोपलेलं जोडपं, एका जागी ठेवलेला कॅमेरा आणि आपोआप थोडं हलणारं दार. जगभरात त्याने १९ कोटी डॉलरच्या वर कमावले. न दिसणाऱ्या भुताला मेकअप लागत नाही.

आणि काही सिनेमे स्वस्तही असतात, वाईटही असतात, तरी जीव लावतात. एड वुड या दिग्दर्शकाच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये बेला लुगोसी हा नट आहे, पण तो १९५६ मध्ये वारला तेव्हा हातात त्याची थोडीशीच दृश्यं होती. वुडने उरलेलं काम आपल्या बायकोच्या ओळखीतल्या, पाठीची हाडं बसवणाऱ्या गृहस्थाकडून करून घेतलं. तो लुगोसीसारखा अजिबात दिसत नव्हता, म्हणून सिनेमाभर त्याने तोंडासमोर झगा धरलाय. १९८० मध्ये एका पुस्तकाने याला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं आणि तेव्हापासून लोक तो शोधून शोधून बघतात. वुडला मात्र आपण काहीतरी थोर करतोय याची खात्री होती. झगा धरलेल्या त्या माणसाला बघताना हसू येतं, आणि थोडी मायाही वाटते.

'शार्कनेडो'च्या पुढच्या भागांत ही माया आटते. निर्मात्यांना कळलं की लोक हसतात, मग त्यांनी मुद्दाम हसवायला घेतलं. ओळखीचे चेहरे दोन मिनिटांसाठी आणून त्यांना शार्ककडून खाववायचं, दर भागात आधीपेक्षा अचाट काहीतरी करायचं. आता हेतूच टुकार सिनेमा काढण्याचा, म्हटल्यावर हेतू आणि ऐपत यांच्यामध्ये दरी उरलीच नाही. याच कंपनीचा आणखी एक धंदा म्हणजे मोठ्या सिनेमाच्या तोंडावर जवळपास त्याच नावाचा स्वस्त सिनेमा सोडणं. 'एज ऑफ द हॉबिट्स' असं नाव दिलं तेव्हा २०१२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने न्यायालयातून ते अडवलं. डीव्हीडीच्या दुकानात नातवंडासाठी चुकीची डबी उचलणाऱ्या आजीवर चालणारा हा व्यापार आहे. त्याला हसायला मला जड जातं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर 'पुराना मंदिर'पासून करा, जेवणं उरकल्यावर, चार-पाच जणांत. एकट्याने बघू नका. शेरे मारायला कुणी नसेल तर असा सिनेमा नुसता लांब वाटतो. मच्छर सिंग आला की खुशाल उठून चहा टाका, त्यात काही चुकत नाही. 'शार्कनेडो'चा पहिला भाग पुरे. हौसच असेल तर दुसऱ्याचा सुरुवातीचा विमानातला प्रसंग बघून बंद करा. तिसऱ्यात शार्क अंतराळात जातात, आणि हे मी आधीच सांगून टाकलं म्हणून तुमचं काही नुकसान झालेलं नाही.